ब्याऐंशी पायऱ्यांवरची खुर्ची

४ फेब्रुवारी

सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या लिहिल्या. आज स्वतःची लिहायला बसलो तर मथळा सुचेना. तेव्हा मथळ्याशिवाय: प्रोस्टेटचा कर्करोग. वेळेत सापडला आहे. बारा मार्चला शस्त्रक्रिया.

सर्जन तार पाठवल्यासारखं बोलतात. "ग्रंथी काढू. बाहेर पसरलेलं दिसत नाही. प्रश्न?" हिने वहीत अकरा प्रश्न लिहून आणले होते. मी मध्येच विचारलं, अठरा जूनला मला सलग चार तास खुर्चीत बसता येईल का?

सर्जनांनी हिच्याकडे पाहिलं. हिने छताकडे.

समजावून सांगावं लागलं. नगरसभेच्या सभागृहात पत्रकारांचा सज्जा आहे. ब्याऐंशी पायऱ्या, लिफ्ट नाही. सभा सुरू झाली की सज्ज्याचं दार बंद होतं आणि चार तासांनी मध्यंतर होईतो उघडत नाही. मध्येच उठून दार ठोठावणाऱ्याला त्या दिवशी परत आत घेत नाहीत. गावाच्या मधोमध असलेलं मैदान बांधकामाला द्यायचं की मोकळं ठेवायचं, यावर अठरा जूनला मतदान आहे. त्या मैदानाच्या बातम्या मी नऊ वर्षं लिहितोय. शेवटची दुसऱ्याने लिहावी, हे मला मान्य नाही.

या शस्त्रक्रियेनंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, हे सर्जनांनी तेव्हा सांगितलं. पुढे म्हणाले, "गाठ काढणं माझं काम. माणूस बसता करणं समोरच्या खोलीतलं." हिच्या अकरा प्रश्नांपैकी दहा तसेच राहिले. रस्त्यात ती वही छातीशी धरून दोन पावलं पुढेच चालत राहिली. माझ्या प्रश्नाचा राग आला असावा.

६ फेब्रुवारी

समोरच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट बसतात. वय तिशीचं, आवाज मुख्याध्यापिकेचा. मी त्यांचं नाव व्यायामबाई ठेवलं आहे; त्यांनी माझं नाव 'काका' ठेवून आधीच फिट्टंफाट केली आहे.

ओटीपोटाच्या तळाशी एक स्नायू असतो म्हणे. भर सभेत वायू आवरायची वेळ आली की कामाला येतो तोच. म्हटलं, मग माझा तयार असणार, सज्ज्यात सत्तावीस वर्षांचा सराव आहे. त्या हसल्या नाहीत. "मग सोपं जाईल, काका," म्हणाल्या. हा स्नायू आवळून दहा आकडे धरायचा, मग सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं आणि रबरी पट्टा ताणणं. शस्त्रक्रियेआधी अंगात जेवढी ताकद साठेल तेवढी नंतर उपयोगी पडेल, असं त्यांचं म्हणणं. व्यायामाने कर्करोग जातो का, असं विचारलं. "तो सर्जन काढणार आहेत. व्यायामाने तुम्ही परत येता."

एक तक्ता दिलाय. रोज भरायचा.

मला आकडे मोजायचा कंटाळा. शाळेत शास्त्रीबुवांनी घोटून घेतलेलं 'देव' शब्दाचं रूप मात्र झोपेतही येतं. देवः देवौ देवाः. बाईंचे दहा आकडे म्हणजे साधारण षष्ठी विभक्ती. आज द्वितीयेतच दम संपला.

९ फेब्रुवारी

मैदानावर गेलो. या मैदानाबद्दल मी दोनशेच्या वर बातम्या लिहिल्या असतील. आत पाऊल आज पहिल्यांदा टाकलं. एक फेरी सहाशे पावलांची आहे. ही माहिती माझ्या एकाही बातमीत नाही. अर्ध्या फेरीत धाप लागली. काठी टेकत चालणाऱ्या एका आजोबांनी मला मागे टाकलं आणि वळून, काही त्रास होतोय का, असं विचारलं. मी म्हटलं, निरीक्षण चाललंय.

१५ फेब्रुवारी

पेपरवाल्याचे गुडघे गेले. बारा वर्षं तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन दारात पेपर टाकायचा. आजपासून खाली जिन्याच्या कठड्यावर ठेवणार. हिला तसं सांगून गेला म्हणे. आपलाच पेपर आणायला रोज सकाळी अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली आणि तितक्याच वर. त्याचं वय माझ्याहून कमी आहे. या पिढीत राम नाही.

हिचंही काही खरं नाही. हल्ली फार विसरते. आज वाण्याकडून लिंबू आणायला पाठवलं. घेऊन आलो तर आलं राहिलं होतं. आलं आणलं तर काडेपेटी. माझं ऑपरेशन उरकलं की हिला कुणाला तरी दाखवायला हवं.

२१ फेब्रुवारी

रविवार. तक्ता भरला. येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंतचा.

इथे खरं लिहितो, कारण ही वही कुणी तपासत नाही. ठरलेल्या कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. पाहुणे अमुक म्हणतील, टाळ्या पडतील, आभार मानले जातील. दुसऱ्या दिवशी आकडे तेवढे दुरुस्त करायचे. तसंच केलं. 'गुरुवार: मैदानाला तीन फेऱ्या. दमणूक मध्यम.' मजकूर उत्तम झाला आहे. चालणं काय, सवडीने होईलच.

२७ फेब्रुवारी

आज लाज वाटली. बऱ्याच वर्षांनी.

व्यायामबाईंनी तक्ता वाचला, 'गुरुवार'वर बोट ठेवलं आणि खणातून आमचाच पेपर काढला. गुरुवारी अग्निशमन दलाच्या कवायतीसाठी मैदान दिवसभर बंद होतं. बातमी दुसऱ्या पानावर. खाली नाव माझं.

मी म्हटलं, आमच्यात असं करतात. त्या जराही चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, बारा तारखेचं ऑपरेशनही आधीच लिहून ठेवलंय का?"

तक्ता फाडतील असं वाटलं. त्यांनी नीट घडी करून तो हिच्या हातात दिला. ही घरी आली, स्वयंपाकाला लागली. जेवताना फक्त एकदा म्हणाली, "अहो, माझ्याजवळ तरी खोटं भरू नका." मीठ पुढे सरकवावं अशा सुरात.

जेवणानंतर मैदानावर गेलो. तीन फेऱ्या. खऱ्या.

११ मार्च

उद्या. आजचा हिशेब, एकही आकडा न वाढवता: पाच फेऱ्या, हात न टेकता खुर्चीतून उठणं पंधरा वेळा, स्नायू षष्ठीपर्यंत. काठीवाल्या आजोबांना परवा मागे टाकलं. त्यांनी विचारलं, निरीक्षण संपलं वाटतं?

हिने दवाखान्याची पिशवी तीनदा भरली आणि तीनदा उपसली. विसरभोळेपणा वाढतोय.

१३ मार्च

पंचमी विभक्तीचा अर्थ वियोग. काल पंचमी झाली. मी आणि माझी ग्रंथी वेगळे झालो. सर्जन सकाळी येऊन म्हणाले, "स्वच्छ निघालं," आणि गेले. त्यांच्या मानाने हे भाषण झालं.

नळी लावलेली आहे. ती असेतो स्नायूचा व्यायाम बंद, चालणं मात्र सुरू. व्यायामबाईंनी दुपारी उठवून उभं केलं. खोलीपासून जिन्याच्या दारापर्यंत तीस पावलं, एका हातात लघवीची पिशवी, दुसऱ्या हातात ही. अशी वरात लग्नातही निघाली नव्हती.

२३ मार्च

काल नळी काढली. यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वही खरी ठेवायची तर लिहायला हवं.

उभं राहिलं की गळतं. शिंकलं की गळतं. खुर्चीतून उठलं की गळतं. सत्तावन्नाव्या वर्षी लंगोटात आहे. हिने दुकानातून पॅडचा गठ्ठा आणला आणि कपाटात माझ्या रुमालांशेजारी रचून ठेवला, जणू पहिल्यापासून तिथेच असावा. काल शिंकेच्या भीतीने मी मिरपूड उचलून माळ्यावर ठेवली. आज ती परत जागेवर होती.

स्नायूचा व्यायाम पुन्हा सुरू. प्रथमा. फक्त प्रथमा.

५ एप्रिल

क्रीडाप्रतिनिधी भेटायला आला. माझ्या जागी सध्या सज्ज्यात तोच बसतो. सभेचं वर्णन सामन्यासारखं लिहितो: विरोधकांनी उत्तरार्धात जोर केला, अध्यक्षांनी शिट्टी फुंकायला उशीर केला. संस्कृतमुळे तो मला 'पंडित' म्हणतो. त्याने अध्यक्षांची नक्कल केली आणि मी हसलो. हसायला नको होतं. पंधरा मिनिटं उशी मांडीवर घेऊन बसलो. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. पुढे मात्र तो एकही विनोद न करता हवापाण्यावर बोलत राहिला. सुमार माणूस.

जाताना संपादकांचा निरोप दिला. अठरा जूनला दार बंद व्हायच्या आत मी खुर्चीत असलो तर सज्जा माझा. नसलो तर तो कायमचा याच्याकडे, आणि मला टेबलावरचं काम: निधनवार्ता आणि शब्दकोडं. संपादक म्हणे प्रेमाने म्हणाले. निधनवार्ताही आम्ही प्रेमानेच छापतो.

२४ एप्रिल

रक्ताचा अहवाल आला. पीएसए, म्हणजे रक्तातली या कर्करोगाची खूण, मोजता येणार नाही इतकं कमी. सर्जन म्हणाले, "उत्तम. तीन महिन्यांनी पुन्हा." मी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर ही स्वयंपाकघरात गेली आणि दहा मिनिटं नळ सोडून भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासून झालेली होती. सांगतो ना, विसरते.

पेपर आणायला आता दिवसातून दोनदा खाली जातो. सकाळी आणायला, आणि दुपारी हिला पुरवणी हवी असते ती खालीच राहिलेली असते. हिच्या विसरण्याची एक गंमत लक्षात आली. विसरलेली वस्तू नेहमी हलकी असते. लिंबू, सुई, काडेपेटी. पिठाची गोणी ही कधी विसरत नाही. आणि मला अजून सहा आठवडे जड उचलायला बंदी आहे. योगायोगही कसे असतात.

१३ मे

वाईट दिवस.

सभा नव्हती म्हणून सज्ज्यात चढून पाहावं असं ठरवलं. मैदानाला सात फेऱ्या होतात, स्नायू सप्तमी गाठतो. वाटलं, ब्याऐंशी पायऱ्या म्हणजे काय मोठंसं? पायरीगणिक स्नायू आवळत, मनात 'देवः देवौ' म्हणत निघालो. साठाव्या पायरीला डोळ्यांपुढे अंधारी. एकसष्टाव्याला पॅडच्या आवाक्याबाहेर गेलं.

तरी वर पोचलो. रिकामा सज्जा. खांबाजवळची तिसरी खुर्ची माझी. तिथून दोन्ही बाजूंचे चेहरे दिसतात. तिच्यावर क्रीडाप्रतिनिधीची जुनी बॅग ठेवलेली. दाराशी बसलेला शिपाई म्हणाला, "साहेब रोज ठेवून जातात, उचलू देत नाहीत." मी अजून जिवंत आहे आणि याने खुर्चीवर हक्क सांगून झाला. बॅग उचलून फेकावीशी वाटली. जड असेल म्हणून हात लावला नाही.

ओल्या विजारीने घरी आलो. संपादकांना पत्र लिहिलं: शब्दकोडं घेतो. पाकिटात घातलं. हिला टाकायला दिलं.

१४ मे

व्यायामबाईंकडे जायचं नव्हतं. ही म्हणाली, पत्र टाकायला जातेय, वाटेत दवाखाना आहे, सोबत चला. पत्राची पेटी आमच्या घराखाली आहे. पण वाद घालण्याइतकं अवसान नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीतल्या लाकडी पायऱ्यांवर चढायला लावलं. चार वेळा. मग विचारलं, "काका, तुम्ही श्वास कधी घेता?"

पुन्हा एकदा चढून पाहिलं. मग उलगडलं. शास्त्रीबुवा विभक्ती एका दमात म्हणून घ्यायचे; मध्ये श्वास घेतला की छडी, आणि पुन्हा पहिल्यापासून. चाळीसच्या वर वर्षं झाली, बुवा गेले, छडी गेली, आणि मी अजून एका दमात 'देव' चालवतोय. म्हणजे फेब्रुवारीपासून दर वेळी श्वास कोंडून. बाई म्हणाल्या, कोंडलेला श्वास वरून खाली दाबतो आणि खालचा बिचारा स्नायू त्या दाबाशी भांडतो. पडून, बसून भागत होतं. जिन्यावर दोघांचं जमेना. आमच्याच घरात भांडण लावून मी बाहेर स्वच्छतेची अपेक्षा करत होतो.

"मग आता आकडे मोजू?"

"नको. तेच म्हणा. मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो."

म्हणून पाहिलं. देवः देवौ देवाः, श्वास. देवम् देवौ देवान्, श्वास. छडी आली नाही. लाकडी पायऱ्या वीस वेळा चढलो. कोरडा.

परतताना पत्राचं विचारलं. ही म्हणाली, तिकीट लावायला विसरले. बरं झालं.

३० मे

मैदानावर लोक वळून पाहतात. मोठ्याने 'देवः देवौ' करत चालणारा माणूस पाहून दोघींनी नमस्कार केला. आजाराने भलेभले देव देव करायला लागतात, असं काठीवाले आजोबा कुणालातरी सांगत होते. मी खुलासा करत नाही.

ही आता सोबत येते. हिचा संस्कृतशी संबंध आमच्या लग्नापुरता. पण आज चतुर्थीत मला खोकला आला तर पुढचं हिने म्हटलं: देवाय देवाभ्यां देवेभ्यः. मी थबकलो. म्हणाली, "चार महिने भिंतीपलीकडून ऐकतेय. चला, थांबू नका."

स्मरणशक्ती सुधारतेय म्हणायची.

९ जून

पुन्हा ब्याऐंशी पायऱ्या. मोठ्याने. शिपाई उठून उभा राहिला. एकदाही थांबलो नाही. पॅड कोरडं. मग सज्ज्याबाहेरच्या बाकावर घड्याळ लावून बसलो: दोन तास दहा मिनिटं. अजून चार नाहीत. पाणी किती आणि केव्हा प्यायचं याचं वेळापत्रक बाईंनी दिलं आहे. पाणी तोडायचं नाही, वेळ साधायची.

१७ जून

तीन तास चाळीस मिनिटं. यापेक्षा जास्त आजवर जमलेलं नाही. उद्या काय होईल ते उद्या लिहीन. आधी लिहून ठेवणार नाही.

१८ जून

लिहितो. बातमी पाठवून झाली.

सकाळी हिने काळी विजार काढून ठेवली. मी करडी घातली. ओली झाली तर दिसेल अशी. तिने पाहिलं आणि काळी परत कपाटात ठेवली.

ब्याऐंशी पायऱ्या, दर पायरीला शब्द, दर ओळीला श्वास. दार बंद व्हायला सहा मिनिटं होती. सज्जा भरलेला. माझ्या खुर्चीवर बॅग, शेजारच्या मोडक्या स्टुलावर क्रीडाप्रतिनिधी. मी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तो उठला आणि त्याने बॅग उचलली.

"पंडित, तीन महिने खुर्ची या बॅगेला बसायला दिली. कंबर गेली माझी स्टुलावर. बसा आता."

मी बसलो. पाच एप्रिलच्या नोंदीतला 'सुमार' हा शब्द मी इथे मागे घेतो. बॅगेत, त्याने दाखवलं, दोन विटा होत्या. दुसऱ्या पेपरवाल्यांनी सरकवू नये म्हणून.

दार बंद झालं.

पहिला तास सोपा. दुसऱ्यात विरोधी नेत्यांनी मैदानाचा इतिहास काढला. निम्मा माझ्या बातम्यांतून, नाव न घेता. तिसऱ्या तासाला खाली कुणीतरी म्हणालं की या मैदानाला एक फेरी तरी कुणी मारली आहे का. हात वर करावासा वाटला. साडेतीन तास. पावणेचार. इथून पुढचा प्रदेश मला अनोळखी. सज्ज्यात बोलायला बंदी, म्हणून ओठ हलवत राहिलो. शेजाऱ्याने कुजबुजत विचारलं, प्रार्थना का? मी मान हलवली.

मतमोजणी सुरू झाली आणि मला शिंक आली.

चार महिन्यांचा सगळा व्यायाम त्या क्षणापाशी येऊन उभा राहिला. बाईंनी शिकवलं होतं: शिंकेआधी आवळायचं, श्वास सोडायचा, मग शिंकायचं. आवळलं. सोडला. शिंकलो. अध्यक्षांनी वर पाहिलं.

काही झालं नाही. एक थेंब नाही.

मैदान दोन मतांनी मोकळं राहिलं. क्रीडाप्रतिनिधीने माझ्या पाठीत थाप मारली, त्यालाही तो स्नायू पुरून उरला. चार तास नऊ मिनिटांनी दार उघडलं. सगळे धावत खाली गेले बातमी द्यायला. मी सावकाश उतरलो, आधी शौचालयात गेलो, आपणहून, आपल्या वेळेला. राजाला काय सुख असेल.

ही मैदानाच्या फाटकाशी उभी होती. लांबूनच तिने माझ्या करड्या विजारीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आम्ही एक फेरी मारली. 'देवः देवौ' म्हटलं नाही, ना मी ना तिने. श्वास आपोआप चालू होता.

१९ जून

आज नवल झालं. सकाळी दार उघडलं तर पेपर उंबऱ्यावर. पहिलं पान, मैदान, खाली माझं नाव. पेपरवाला तीन मजले चढून आला होता. हिला म्हणाला म्हणे, गुडघे एकदम बरे झाले. कोणतं औषध घेतलं ते विचारायला हवं. चार महिन्यांत असे गुडघे बरे झालेले मी पाहिले नाहीत.

पेपर हातात घेऊन थोडा वेळ दारात उभा राहिलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

मग तो तसाच काखेत मारला, अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरलो, जिन्याच्या कठड्याशी उभा राहून बातमी वाचली आणि परत वर आलो.